हंड्याला घातलेली माळ

प्रिय दीपिका,

(‘प्रिय’ लिहायला आज जिवावर आलं होतं, तरी लिहिलं.)

तू चहाचा कप खाली ठेवलास आणि बाबांना म्हणालीस, “काका, जरा गॅलरीत उजेडात येता का?” माझं सगळं बिघडलं ते त्या क्षणी. आपल्या लग्नासाठी आईला पटवता पटवता माझा घसा बसला होता. तिने पाहुण्यांसाठीचे कप काढले होते, मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तू माझ्या बापाच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघत होतीस. वर आईच्या देखत विचारलंस, अंगाला खाज सुटते का, लघवी गडद होते का, शौचाचा रंग कसा असतो. लग्नाचं बोलायला आलेली मुलगी असं विचारते का गं? शेजारच्या वहिनी आईला रोज विचारतात, मुलगी काय काय बोलली. आई त्यांना काय सांगणार?

मला माहीत आहे, तुझं कामच ते. लिव्हरचे आणि पित्ताशयाचे पेशंट हॉस्पिटलात इतक्या उशिरा का येतात, यावर तुमचं संशोधन चाललंय. रक्ताच्या नमुन्यांचा बर्फाचा डबा घेऊन मी परळला यायचो, तेव्हा सही करता करता तू सांगायचीस. कुणी गावी जाऊन झाडपाला घेतला, कुणी नुसतंच ‘उतरेल’ म्हणत घरी बसलं. मी मान डोलवायचो. खरं सांगू, ऐकत नव्हतो, तुला बघत होतो. आता तुझं संशोधन माझ्याच घरात मांडी घालून बसलंय.

तू गेल्यावर आई म्हणाली, ही आली ती दुखणं घेऊनच आली. मी ताट आपटलं. तू सांगितलं होतंस की पित्ताच्या नळीत खडा अडकला असेल, स्कॅन केल्याशिवाय कळणार नाही, थांबलात तर जिवावर बेतेल. ते मी ओरडून सांगितलं, हळू सांगितलं, पाया पडून सांगितलं. बाबांनी शांतपणे लालबागच्या रघुवीरकाकांकडून काविळीची माळ आणवली. झाडाच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत बांधलेले असतात, कडं करून डोक्यावर ठेवायचं. कावीळ जसजशी उतरते तसतशी माळ म्हणे लांबत खाली येते. आणि ती आलीच. आधी गळ्यात, मग छातीवर, मग पोटाशी. बाबा आरशासमोर खूश, माळ बेंबीपर्यंत आणि डोळे हळदीसारखे. मी म्हटलं, अहो, डोळे बघा. तर म्हणाले, डोळ्यातली शेवटी जाते.

त्याच दिवशी तुला फोन केला. तू म्हणालीस, काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल पडतात, माळ कुणाच्याही डोक्यावर लांबेल, स्वतः घालून बघ. इथवर ठीक होतं. मग विचारलंस, “विनीत, तू बाबांना हॉस्पिटलात आणायला बघतोयस की मला घरात?” आणि वर हुकूम, ते अॅडमिट होईपर्यंत फोन करायचा नाही. एवढं बोलून फोन ठेवलास. माझ्या डोक्याचं काय झालं असेल, याचा विचार केलास?

तरी घातली माळ. कॉलेज अर्ध्यात सोडलेला मी, प्रॅक्टिकलला कधी वेळेवर गेलो नाही, आणि घरात काड्यांचा मुकुट घालून नवरदेवासारखा बसून राहिलो. माळ लांबली. माझ्या गळ्यात आली, छातीवर आली. मी बाबांपुढे जाऊन उभा राहिलो, म्हटलं आता बोला. त्यांनी माळेला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “बघ, तुका पण होती. अंगात मुरलेली.” झालं. आईने माझं तिखट-तेल बंद केलं. सकाळी बिनमिठाची पेज, दुपारी उसाचा रस. तुझ्या शास्त्राचं आमच्याकडे हे असं होतं, पुरावा दिला की पथ्य मिळतं. तुमच्या संशोधनात हे कुठे बसवणार तूच ठरव.

तेव्हा मात्र माझी सटकली. रघुवीरकाकांकडून आणखी एक माळ आणली, ओट्यावरचा तांब्याचा हंडा पालथा घातला आणि त्याच्या बुडावर ठेवून दिली. पाणी कशात भरू, म्हणून आई ओरडली. मी बादलीत भरून दिलं. या वेळी मी काहीच बोललो नाही. जेवताना बाबा हंड्याकडे बघायचे, चहा पिताना बघायचे, फणीने पाठ खाजवता खाजवता बघायचे. माळ हंड्याच्या पोटावरून घसरत घसरत ओट्यावर टेकली. काल सकाळी ते उठून जवळ गेले, बोटाने एक काडी हलवून पाहिली. ती गाठीत खुळखुळली. “हंड्याक कावीळ होवची नाय,” एवढंच म्हणाले. आणि आईकडे धुतलेला शर्ट मागितला.

मला वाटलं, जिंकलो. बूट घालून तयार होतो, परळला तुझ्या मजल्यावर त्यांना घेऊन येताना मी कसा दिसेन हेसुद्धा मनात ठरवलं होतं. बटणं लावता लावता ते म्हणाले, “त्या चेडवाच्या हॉस्पिटलात नको.” चेडू म्हणजे तू. आईने मान हलवली. आईचं ते ‘दुखणं घेऊनच आली’ त्यांच्याही मनात बसलंय, मला लिहायची लाज वाटते. एरवी मी चाळ डोक्यावर घेतली असती. पण त्यांचे डोळे समोर होते. मी दुसऱ्या हॉस्पिटलात आजचा नंबर लावला. पत्र एवढ्याचसाठी. फोनला तू बंदी घातलीस, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. आम्ही तुझ्याकडे येत नाही. वाट बघू नकोस, कुठे नेलंय ते शोधू नकोस, भेटायला येऊ नकोस. तू दारात दिसलीस तर ते सलाइनची सुई काढून घरी येतील, मी ओळखतो त्यांना. त्यांचे डोळे पांढरे होऊ देत, मग त्यांच्याशी माझं जे भांडण आहे ते मी करणारच, आणि तुझ्याशीही. हे जाता जाता तुझ्या घरच्या पत्रपेटीत टाकतो. टॅक्सी आलीय, दोघं खाली जाऊन बसलेत, आई हाका मारतेय. निघालो. दार ओढून घेतो.

चिडलेला, आणि तरी तुझाच,
विनीत