उरलेल्या आठ ओळी

३ जून, सोमवार. सकाळ
हुमनाबादच्या शिक्षणसंस्थेने शिक्षकांच्या निवडीची यादी वेबसाइटवर टाकली. ती साइट ज्या सर्व्हरवर चालते, त्याचा प्रोग्राम माझा. कंपनी कलबुर्गीत, मी मंठाळ या खेड्यात घरून काम करतो.
ज्योतीने, माझ्या बायकोने, मुलाखत दिली होती. बी.एड. होऊन तीन वर्षं घरी आहे. यादीत बावन्न नावं. तिचं नाही.
जाहिरात साठ जागांची होती. आठ रिकाम्या ठेवल्या असणार. संस्था ठेवतात.
उद्यापासून पाचला उठायचं.

दुपार
संस्थेच्या बोर्डावर कागद लावलाय, जाऊन बघून येते, असं ज्योती म्हणाली. यादी दाखवणारा माणूस घरात असताना बसचे धक्के कशाला? पटलं तिला. समंजस आहे.
निवड झालेल्यांनी शुक्रवारपर्यंत हजर व्हायचंय. आपला संबंध नाही.

४ जून
आठला उठलो.
रत्नम्मा मॅडमचा फोन. माझ्या वरिष्ठ. संस्थेचा कारकून म्हणतो, खेड्यांत पान अर्धंच उघडतं. नेटवर्क, मी सांगितलं. तरी खात्री म्हणून तीन ओळींचं पान करून उघडलं. तिन्ही आल्या. सर्व्हर निर्दोष असल्याचं मॅडमना लेखी कळवलं.
आईने ज्योतीला विचारलं, बोर्ड बघायला जायलीस का. ज्योती म्हणाली, "न्हाई. ह्यांनी बघितलंय की."
बरं वाटलं.

६ जून, गुरुवार
मॅडमचा पुन्हा फोन. म्हणाल्या, समोरची लाइन हळू असली की बफरमधलं, म्हणजे पाठवायला साठवलेलं, सगळं एकदम जात नाही. काही जातं, काही मागे राहतं. मागे राहिलेल्याचं काय करतोस?
बघतो, म्हटलं. मॅडमची मराठी कन्नड वळणाची आहे. साधा प्रश्नही उगाच कठोर वाटतो.
पण आज नको. लाइट ये-जा करतेय. अशा कामाला ताजं डोकं लागतं. शनिवारी सकाळी, शांतपणे.

८ जून, शनिवार
चूक सापडली. मागे राहिलेलं जपून पुढच्या खेपेला पाठवायचं असतं. मी ते पुसून टाकत होतो. दोन ओळींची दुरुस्ती, वीस मिनिटं. इतक्या लवकर फार थोड्यांना जमलं असतं.
पान उघडलं. पूर्ण आलं. साठ नावं.
सत्तावन्न: ज्योती शिवप्रसाद बिरादार.
ज्योतीला लॅपटॉप दाखवला. तिने ओळ वाचली. मग वरची हजर होण्याची तारीख वाचली.
"मुदत काल सरली. आता कामून दाखवायलाव?"
दुरुस्ती झाली म्हणून, मी सांगितलं.

१० जून, सोमवार
हुमनाबादला गेलो. दोष तांत्रिक होता हे समजावलं की संस्था ऐकेल, याची खात्री होती. कारकून तिप्पण्णा भेटला. सत्तावन्नाव्या जागेवर प्रतीक्षा यादीतल्या एक बाई शनिवारीच हजर झाल्या.
"अण्णा, कागूद आठवडाभर बोर्डावर होता. तुमच्या घरचं कुणीच कसं आलं न्हाई?"
पान आता पूर्ण उघडतं, असं मी म्हणालो. तो म्हणाला, भरती संपली, पान काढून टाका असं तुमच्या कंपनीला कळवलंय.
बसस्टँडवरून ज्योतीला फोन केला. जागा गेली, हे सांगितलं. सर्व्हर आता कितीही हळू लाइनवर चालेल, हेही सांगितलं.
"व्हय," ती म्हणाली.
फोन तिनेच ठेवला.