तीन ठिकाणी एकच बहर

पुणे,
९ डिसेंबर २०२३

ती. आशाआत्यास अश्विनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तुझा लाडका लेक गोकुळदादा माझं निम्मंच बोलणं तुझ्यापर्यंत पोचवतो, म्हणून लिहायला बसले.

माझ्या पीएच.डी.चं काही खरं दिसत नाही. फुलायची वेळ झाली हे वेळूला कसं कळतं, ते मला शोधायचंय; पण तो फुलतो चाळीसेक वर्षांतून एकदा. सर म्हणाले, वेळूला घाई नाही पण विद्यापीठाला आहे, संक्रांतीपर्यंत दुसरा विषय घे. तुझ्या अंगणातल्या वेळूच्या बेटाचा कंद मी इथे काचघरात कुंडीत लावलाय ना, त्याच्याकडे आठवडाभर फिरकलेही नाही. रुसलेय म्हण.

थंडीत गुडघे शेकतेस ना? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अश्विनी


नांदुरा,
१८ डिसेंबर २०२३

चि. अश्विनीले आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. रुसाले तू अजून लहान आहेस काय? आता माह्या घरची गोष्ट आइक. आंगनातल्या बेटाची पानं झडून राह्यली आन् काडीकाडीले धानाच्या लोंबीवानी तुरे आले. जवळून पाह्यलं तं बारीक पिवळे धागे लोंबून राह्यले. लग्न झाल्यावर जामोदहून, माह्या माहेरच्या मळ्यातून कोंब आनून मीच लावलं होतं हे बेट. इतक्या वर्षांत असं कधी दिसलं नाही.

शेजारची झुंबरबाई म्हने, वेळू फुलला का दुष्काळ येते, उंदरं होतात, तोडून टाका. गोकुळनं तोडनारा सांगूनही ठेवला. मी म्हनलं, पोरगी इतकी शिकून राह्यली, तिले इचारल्याबिगर हात लावू देनार नाही. लवकर लिहजो.

तुही वाट पाहनारी,
आत्या


पुणे,
२६ डिसेंबर २०२३

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र अर्धं वाचून झालं आणि मी काचघराकडे धावले. आत्या, कुंडीतल्या त्या टीचभर रोपालाही तुरे आलेत! ना तुझ्या अंगणातली माती, ना तिथलं ऊन, ना तिथलं पाणी. तरी त्याला कळलं. मग बाबांना फोन केला. ते जामोदला मळ्यात जाऊन बघून आले आणि म्हणाले, आपलंही बेट फुललंय. एकाच जिवाची तीन अंगं तीन ठिकाणी, आणि वेळ एकच. कोण सांगत असेल ती?

सरांना दाखवलं, तर ते कुंडीसमोर फरशीवरच बसले. म्हणाले, विषय बदलायचा नाही.

झुंबरकाकूंना सांग, बी खायला उंदीर येतात एवढं खरं. दुष्काळ वेळू आणत नाही. पण तुला एक सांगायलाच हवं. फुलून झालं की हे बेट मरतं. नाही तोडलं तरी वाळेल. बी पडेपर्यंत उभं राहू दे. शनिवारी मी येतेच.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
अश्विनी


नांदुरा,
१२ जून २०२४

चि. अश्विनीले आत्याचे आशीर्वाद.

तू होतीस तोवर गोकुळ गप होता. तू गेली आन् तोडनारा आला. मी बेटाखाली बाज टाकून बसली आन् गोकुळले म्हनलं, आधी मले उचल. त्यानं तोडनाऱ्याले चहा पाजून वापस धाडलं. मंग उन्हाळाभर तोच माह्यासंगं बी येचत होता. उंदरं आले, हे झुंबरबाईचं खरं झालं. मांजर आनली.

बेट पुरं वाळलं. मी लय रडली. नवी नवरी होती तवा या आंगनात माह्या माहेरचं म्हनून एवढंच होतं.

काल सकाळी आंगन झाडाले गेली तं खाली गवतावानी हिरवं दिसलं. उपटाले वाकली आन् हात तसाच राह्यला. वेळूचीच पानं! साऱ्या आंगनात. गोकुळले हाक मारली, झुंबरबाईले बोलावलं. पाय कुठं ठेवावा हेच कोनाले समजेना.

आता हे फुलतीन तवा मी नसन. तू पांढऱ्या केसाची होशीन. तरी पाहाले येजो, आन् झुंबरबाईच्या नातवंडायले सांगजो का तोडू नका.

तुही आत्या