लोंबीच्या पुढची पानं

११ नोव्हेंबर, सोमवार

कावळा शिवला नाही.

आज वहिनीचा दहावा. ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळे नदीवर बसून होतो. दादाने हात जोडून एकेक कबूल केलं — पोरीला, रेणूला शिकवीन, सासूला अंतर देणार नाही. कावळे बाभळीवर बसून नुसते पाहत होते. शेवटी भैयाजीकाकांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

घरी आल्यावर माय म्हणाली, "तिचं काहीतरी राहिलं."

काय राहिलं ते मला ठाऊक आहे. सांगू कोणाला?

१२ नोव्हेंबर

वहिनी लग्नात एक जुनी कादंबरी घेऊन आली होती. पुठ्ठा सुटलेला, पानं हळदीच्या रंगाची. तेवढं एकच पुस्तक. गोंदियाच्या दवाखान्यात, कावीळ डोक्यात चढली त्याच्या आदल्या संध्याकाळी मला म्हणाली, "भाऊजी, उद्या येताना माझं पुस्तक आणजा." नेलं. पण तोवर शुद्ध गेली होती. पिशवीतून तसंच परत आलं.

मध्ये धानाची सुकी लोंबी ठेवलेली आहे. म्हणजे तिथपर्यंत वाचून झालं होतं. शेवट राहिला!

तो मी तिला वाचून दाखवणार. मोठ्याने. पण मागचं माहीत नसताना मधूनच कसं वाचायचं? पहिल्या पानापासून घेतो. माझी शाळा नववीत सुटली. कादंबरी आजवर एकही वाचलेली नाही.

१५ नोव्हेंबर

धान चुरणं चालू आहे, दिवसभर मळणी. दुपारी जेवण झालं की मी आंगणातल्या तणसाच्या ढिगाआड बसतो.

लिहायला लाज वाटते — मजा येते! नायक भयंकर घमेंडी आहे. स्टेशनपासून तिच्या फाटकापर्यंत तिची पेटी उचलून नेतो, वाटेत एक शब्द नाही. आणि फाटकाशी म्हणतो काय, तर "याला तेल घाला." बस! तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. हसू आलं. सुतक फिटून दोन दिवस झाले नाहीत आणि मी हसतो.

तेवढ्यात मागे कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं. कोणी नाही. वहिनी अशीच हसायची, तोंडाला पदर लावून. "बोलत काऊन नाही भाऊजी हा माणूस?" असं चुलीपुढून विचारायची. मला वाटायचं, दादाबद्दल विचारते.

१८ नोव्हेंबर

दादाने पाहिलं. "बायांचं पुस्तक वाचून राहिला का बे?" पुस्तक हातात घेतलं, लोंबी पाहिली, होती तशी आत सरकवली आणि बैल सोडायला गेला.

आंगणाच्या भिंतीवर रोज दुपारी एक कावळा येऊन बसतो. मी वाचायला लागलो की मान वाकडी करतो. आजपासून भिंतीवर भाताचा गोळा ठेवतो. अजून चोच लावलेली नाही.

एका पानावर "हृदय" चुकीचं छापलं आहे. शिसपेन्सिलीने दुरुस्त केलं. मग खोडलं. पुस्तक तिचं आहे.

२१ नोव्हेंबर

लोंबीपाशी आलो. पुस्तकातल्या दोघांचा रुसवा मिटला. तो व्हरांड्यात उभा आहे, पाऊस थांबला आहे, छत्री मुद्दाम तिच्याकडे विसरून म्हणतो — "उद्या येतो." प्रकरण संपलं.

इतका गोड माणूस मी खऱ्यात पाहिलेला नाही! पान उलटवायला हात गेला आणि मी पुस्तक मिटलं. कावळा पाहत होता.

२२ नोव्हेंबर

वाचलं. मोठ्याने, अडखळत, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

तो येत नाही. वाटेत त्याची नाव उलटते. ती त्याची छत्री जपत म्हातारी होते. फार चांगलं लिहिलं आहे, मी रडलो. नाव उलटली त्या पानावरच कावळा उडाला. भात तसाच. पण उडाला म्हणजे सुटली असेल. शेवट कळला, आता काय राहिलं?

२४ नोव्हेंबर, रविवार

वहिनीची माय, शामकलाबाई, रेणूला पाहायला आल्या. कोनाड्यातलं पुस्तक पाहून डोळे पुसत हसल्या.

"हे का? पाच-सहा वेळा वाचलं असन तिनं. लोंबीपर्यंतच. पुढं जातच नव्हती. एकदा कोणी तिले शेवट सांगाले गेलं, तं कानावर हात ठेवून पळाली. म्हणे, माय, इथवर तो येणार आहे. पुढचं मले कायले पाहिजे?"

मी रात्री जेवलो नाही. मी तिला काय वाचून दाखवलं!

२५ नोव्हेंबर

लोंबीच्या पुढची पानं सुईदोऱ्याने शिवून टाकली. भिंतीवर ताजा भात ठेवला आणि पहिल्या पानापासून मोठ्याने सुरू केलं. थोड्या वेळाने दादा येऊन मागे बसला. जमिनीकडे पाहत म्हणाला, "लोंबीपर्यंतच वाचजो. मले ती तिथवरच सांगे."

भिंतीवर आज कोणी आलं नाही. उद्या येईल.