आधी भांड्यांकडं बघ

दादा,
मी लातूरला दवाखान्यात ड्यूटीवर चालले. पहाटे आईला पुन्हा त्र्याण्णवसारखं घर हलल्यागत झालं अन् अंगणात पळताना ती उंबऱ्यावर पडली. भूकंप न्हाई, तिच्या उजव्या कानातले बारीक खडे सरकलेत, त्यानं गरगरतं. मी रोज पेशंटचे बसवते, तू पण बसवशील.

बाजेवर बसवून मान उजवीकडं वळव, तशीच उताणी निजव, डोकं हातात धरून कडेखाली जरा लोंबू दे. गरगर थांबली की मान डावीकडं कर. मग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडं. मग उठव. ती त्र्याण्णवच्या रातीसारखी बाबांना हाका मारील, तरी सोडू नको.

फक्त आधी मांडणीवरच्या भांड्यांकडं बघ. ती वाजत असतील तर कान राहू दे, आईला उचल अन् बाहेर पळ.

रूपाली