चार स्क्रूंची फळी

२ एप्रिल, बुधवार

सहाला उठलो. दूध अर्धा लिटर. पूर्वी एक लिटर लागायचं. कपडे धुतले, वाळत घातले, पेपर वाचला. ही गेल्याला आज एकाहत्तर दिवस.

संध्याकाळी मुलीचा फोन. ती आणि चिमणी २६ तारखेला येणार. चिमणी म्हणजे नात, वय साडेचार. वीस दिवस राहणार. मुलगी म्हणाली, तुम्ही एकटे नीट राहताय की नाही ते मला डोळ्यांनी बघायचंय. नीट असेल तर राहा. नसेल तर घर बंद करून माझ्याकडे चला. मी म्हणालो, ये आणि बघच. फोन ठेवल्यावर वाटलं, जरा जोरात बोललो.

संकल्प: आतली खोली चिमणीसाठी तयार करायची. सगळं स्वतःच्या हाताने. सुतार नाही, गवंडी नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

खोलीची मापं घेतली. एकतीस वर्षं नकाशा विभागात काढली, मापाची भीती नाही.

अडचण एकच, हिचं शिलाई मशीन. खिडकीखाली टेबलावर आहे. चिमणीचा हात लगेच जाईल. पेटीत ठेवावं तर झाकण लागत नाही, कारण सुईखाली पिवळा फ्रॉक अडकलेला आहे. चिमणीचाच. एक बाही व्हायची राहिली. तो काढायचा नाही.

उपाय: फळी. उंचावर. मोकळी भिंत एकच आहे, पलंगाच्या डोक्याकडची. तिथे सहा फुटांवर फळी, फळीवर मशीन, खाली पलंग, पलंगावर चिमणी. जागेचा पूर्ण उपयोग.

फळी मला नवीन नाही. स्वयंपाकघरातली फळी मी एकोणीस वर्षांपूर्वी लावली. दोन लाकडी पट्ट्या, भिंतीच्या भोकात ठोकायच्या चार गुट्ट्या, चार स्क्रू. त्यावर धान्याचे सात मोठे डबे. आजवर केसभर हललेली नाही. ते डबे ही मला कधी हलवू द्यायची नाही. मोठे मागे भिंतीला चिकटून, लहान पुढे, अशीच मांडणी पाहिजे म्हणायची. बायकांची शिस्त.

नवी फळी त्याच पद्धतीने. ड्रॉइंग शीटवर नकाशा काढला, एकास दहा प्रमाणात. सही केली.

५ एप्रिल, शनिवार

सामान आणलं. स्क्रू, गुट्ट्या, सँडपेपर, नवी पाणसळ. पाणसळीतला बुडबुडा फार छान आहे. दुपारभर घरातल्या सगळ्या सपाट वस्तूंवर ठेवून बघितली. एकही सपाट निघाली नाही. पाणसळ नवीन आहे, रुळेल.

फळी कापून घ्यायला कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेलो. म्हातारा माणूस, जुनी ओळख. त्याने विचारलं, कशासाठी. सांगितलं. फळीवर काय ठेवणार? तेही सांगितलं. त्याने पेन्सिल कानावरून काढली, परत कानावर ठेवली. म्हणाला, मी येऊन दोन लोखंडी कोन मारून देतो. मी नको म्हटलं. लोखंडी कोन म्हणजे स्वतःच्या कामावर विश्वास नसणं.

मग त्याने विचारलं, स्वयंपाकघरातली फळी ठीक आहे ना? म्हणजे तिची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचलेली आहे. मी म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, “बाई असत्या तर...” आणि थांबला. त्याचाही गळा दाटून आला असावा. फळी घेऊन आलो.

८ एप्रिल, मंगळवार

काम सुरू करणार होतो. मोरीतला नळ गळायला लागला. तो मीच बसवलेला, अकरा वर्षं एक थेंब गळला नव्हता. मागच्या दाराची कडीही लागेनाशी झालीय. बेल वाजते, पण दाबणारा निघून गेल्यावर. ही गेल्यापासून असं एकेक चाललंय. हवा बदलली असावी.

या घरात मी केलेली एकही दुरुस्ती कधी मोडली नाही. हिला विचारा.

चारला वाचनालयात गेलो. निवृत्त झाल्यापासून ही मला रोज चारच्या ठोक्याला बाहेर काढायची, वाचनालयात जा म्हणायची. वाचनाचं महत्त्व तिला कळत होतं. आज एकही पान वाचलं नाही. परत आलो.

९ एप्रिल, बुधवार

ड्रिल मारलं. पहिलं भोक मापाच्या अर्धा इंच डावीकडे गेलं. नकाशात दुरुस्ती केली.

भिंत मऊ लागली. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं, बाहेर पांढरी भुकटी आली. मऊ भिंतीत स्क्रू लवकर जातात, त्यामुळे दोन तासांचं काम चाळीस मिनिटांत झालं. चौथी गुट्टी भोकात सैल बसत होती, कागद गुंडाळून बसवली. नकाशाचाच कोपरा फाडून.

१३ एप्रिल, रविवार

फळी लागली. रंग वाळायला तीन दिवस दिले होते.

मशीनचं वजन केलं. आधी स्वतः काट्यावर उभा राहिलो, मग मशीन कवेत घेऊन. फरक तेरा किलो. माझं स्वतःचं पाच किलोने कमी झालंय, ते वेगळं.

स्टुलावर चढून मशीन वर ठेवलं. फ्रॉक सुईखाली तसाच. बिनबाहीची बाजू पलंगाकडे लोंबते, दिसायला चांगलं दिसतं. फळीच्या खालच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवली. फळी जागची हलत नाही याला पुरावा असावा.

संध्याकाळी शीळ घालत होतो असं लक्षात आलं. बंद केली.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी उशीवर पांढरी भुकटी. चिमूटभर. ड्रिलच्या वेळची राहिली असणार. झटकली.

१६ एप्रिल, बुधवार

पुन्हा भुकटी. गिलावा नव्या फळीला जागा करून देतोय. नवा बूट पायाला बसतो तसं.

फळी आणि रेघ यांच्यात दोन मिलिमीटर अंतर दिसतं. पेन्सिलला टोक नव्हतं, त्यामुळे रेघ चुकीची पडली असणार. टोक करून नवीन रेघ मारली.

१८ एप्रिल, शुक्रवार

तिसरी रेघ. दाराच्या चौकटीवर मुलीच्या लहानपणच्या उंचीच्या रेघा आहेत, हिने मारलेल्या, शेजारी तारखा. मीही माझ्या रेघांना तारखा घातल्या. तिच्या वर जातात. माझ्या खाली येतायत. पण अंतर फार थोडं आहे.

मुलीचा फोन. तयारी विचारली. मी म्हटलं, सगळं जागच्या जागी आहे. तिने विचारलं, पलंग भिंतीला लागून ठेवलाय ना, चिमणी झोपेत लोळते. मी म्हटलं, डोकं अगदी भिंतीपाशी येईल असा ठेवलाय.

२० एप्रिल, रविवार

दुपारी पलंगावर स्वतः पडून बघितलं. परीक्षा म्हणून. फळी खालून बघितली की मोठी दिसते. अर्धा तास काही झालं नाही. उठताना भिंतीत टक् असा आवाज झाला. एकदाच. लाकूड उन्हाळ्यात बोलतं.

पलंगाखाली एक स्क्रू सापडला. जास्तीचा असावा. फळीकडे बघून मोजले, वर तीन दिसले. चौथा पट्टीच्या आड असेल. डबीत ठेवला.

२३ एप्रिल, बुधवार

आज मशीन खाली काढायचं ठरवलं. भीती म्हणून नाही, खबरदारी म्हणून. स्टुलावर चढलो. दोन्ही हात मशीनखाली घातले. फ्रॉकचा धागा रिळातून सुईत आणि सुईतून कापडात गेलाय, तो ताणला गेला. आणखी उचललं असतं तर तुटला असता. तिने ओवलेला धागा आहे.

हात काढून घेतले. उतरलो.

स्वयंपाकघरात जाऊन जुनी फळी बघितली. चार स्क्रू, एकोणीस वर्षं. नव्या फळीलाही चार होते. आहेत.

चौथी रेघ.

२५ एप्रिल, शुक्रवार

घर आवरलं. चादर बदलली, उशीला नवा अभ्रा. भुकटी दिसू नये म्हणून पांढरा घातला.

रेघा खोडरबरने पुसल्या. मुलगी नसत्या शंका काढते.

२६ एप्रिल, शनिवार. सकाळी

साडेअकराला पोचल्या. चिमणी उंच झालीय. बेल दाबली, वाजली नाही, दार उघडून आत आल्यावर वाजली. ती खूप हसली, परत परत बेल दाबायला बाहेर गेली.

मुलीने घर फिरून बघितलं. नळाखाली बादली बघितली. आतल्या खोलीत थांबली. “बाबा, मशीन तिथे कशाला?” मी नकाशा दाखवला. मग स्वयंपाकघरातल्या फळीची आठवण दिली. ती फळी ती शाळेत असल्यापासून बघतेय. म्हणाली, तुमचं आपलं काहीतरी असतं.

बघणं पार पडलं असं समजायला हरकत नाही.

दुपारी

जेवण झालं. चिमणीला झोप आली. मुलगी तिला बाहेरच्या खोलीत निजवत होती. मीच म्हटलं, तिचा पलंग केलाय ना आत.

चिमणी झोपली. पाच मिनिटांनी उठून बाहेर आली. म्हणाली, “आजोबा, वरून पावडर पडते.” मी म्हटलं, थोडी पडते, डोळे मिटून घे. ती परत गेली. पुन्हा आली. केस पांढरे झाले होते, मला दाखवून म्हणाली, मी तुमच्यासारखी झाले. मुलीने बघितलं आणि डोकं धुवायला तिला मोरीत नेलं. चिमणी म्हणत होती, नळ गळतोय, तोच डोक्यावर धर.

दोन वाजून वीस मिनिटांनी फळी पडली.

मोठा आवाज झाला नाही. गादीमुळे.

२७ एप्रिल, रविवार

काल लिहायचं राहिलं ते. मशीन उशीवर पडलं होतं. उशीच्या मधोमध. चाकाचा दांडा मोडला, सुई मोडली. भिंतीला चार भोकं आणि त्यांच्याभोवती परातीएवढा गिलावा गेलेला. धागा तुटला. फ्रॉक सुटून पलंगावर पडला होता, जणू कोणी इस्त्रीसाठी काढून ठेवलाय.

मुलगी दारात उभी होती. ओल्या केसांची चिमणी तिच्या कडेवर. मुलगी म्हणाली, “ती तिथे होती बाबा. आत्ता होती.”

मी म्हटलं, “आता नव्हती.”

असं मी का म्हटलं ते कळत नाही.

त्यानंतर ती माझ्याशी एकही शब्द वाकडा बोलली नाही. सकाळी बॅग भरली. फ्रॉक घेतला, पिशवीत नीट घडी करून ठेवला. म्हणाली, महिनाभरात गाडी घेऊन येते, तुमचे कपडे आणि पुस्तकं वेगळी काढून ठेवा. चिमणीने विचारलं, आजोबा आपल्याकडे येणार म्हणजे त्यांची बेलपण येणार का? मुलगी हसली नाही. मीही.

२९ एप्रिल, मंगळवार

भिंत बुजवायची म्हणून सुताराला बोलावलं. स्वतःहून.

त्याने भोकात बोट घातलं. म्हणाला, स्क्रू नुसते गिलाव्यात होते, विटेपर्यंत पोचलेच नाहीत. मी म्हटलं, हीच पद्धत स्वयंपाकघरात आहे. तीच लांबी, तेच चार स्क्रू. ती एकोणीस वर्षं कशी राहिली?

तो बराच वेळ टेप गुंडाळत बसला. मग म्हणाला, “साहेब, ती मी दुसऱ्या दिवशीच पक्की केली. तुम्ही ऑफिसात होतात. लोखंडी कोन उलटे मारले, वरच्या अंगाला, डब्यांमागे झाकतील असे.”

मी विचारलं, कोणी सांगितलं. प्रश्नच नव्हता, पण विचारलं.

“बाई म्हणाल्या, फळी लावल्यापासून ते घरभर शीळ घालत फिरतायत. तेवढं राहू दे. पण डबे माझ्या डोक्यावर आहेत.”

आणखी काय काय, असं विचारलं. तो जाऊ द्या म्हणाला. मी नाही जाऊ दिलं. त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. नळ, दर पावसाळ्याआधी. कडी. बेल दोनदा. मी निवृत्त होऊन घरी बसल्यावर कसं जमवायचात, विचारलं. तो म्हणाला, चार ते साडेपाच तुम्ही वाचनालयात असायचात ना. एका हाताची बोटं संपून दुसऱ्या हातावर गेला, तेव्हा मी चहा ठेवायला उठलो.

त्याने भिंत बुजवली. मशीनही बघितलं, दांडा जोडता येईल म्हणाला. जाताना विचारलं, स्वयंपाकघरातले कोन एकदा आवळून देऊ का. मी नको म्हटलं.

३० एप्रिल, बुधवार

सहाला उठलो. दूध अर्धा लिटर.

स्टूल स्वयंपाकघरात नेलं. सातही डबे उतरवले. कोन आहेत. दोन. भिंतीच्याच रंगाचे. स्क्रूच्या डोक्यांवरही रंग आहे. नखाने थोडा खरवडला. खाली दुसरा रंग निघाला, त्याच्याखाली तिसरा. घराला आपण एकोणीस वर्षांत तीनदा रंग दिला. एका कडेला ब्रशचा एक केस चिकटून वाळलाय.

पाणसळ ठेवून बघितली. बुडबुडा बरोबर मध्ये.

खरवडलेल्या जागी थोडा रंग लावला. जुन्या रंगाच्या डबीत तळाशी उरला होता. वाळेपर्यंत थांबलो. मग डबे पुसून परत ठेवले. मोठे मागे, भिंतीला चिकटून. लहान पुढे. खाली उतरून दारातून बघितलं. एक कोन जरासा दिसत होता. पुन्हा चढलो आणि तिसरा डबा दोन बोटं डावीकडे सरकवला.