टाकी रिकामी

दूध शीतकरण केंद्र, उमापूर रस्ता
ता. ६ मे १९८७

ती. स्व. त्रिंबकमामांना उत्तरेश्वरचा सा. न. वि. वि.

काल मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी रजिस्टरात दुधाचं तापमान लिहीत होतो. तेवढ्यात यंत्रघरातून शिट्टीसारखा आवाज आला आणि अमोनियाचा असा भपकारा आला की पेन हातातून पडलं. दूध गार करणारा हा वायू गळला, तर त्यावर पाण्याचा मारा करायचा आणि डोळे पाण्याने धूत राहायचे, एवढंच आम्हाला शिकवलेलं. त्यासाठीच ती लाल टाकी. ती कोरडी होती.

का, तेही सांगतो. चोवीस एप्रिलला साहेब लोक दुष्काळाची पाहणी करायला आले. त्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून चेअरमन बबनरावांनी टाकीचं सगळं पाणी आवारात शिंपायला लावलं. तेव्हापासून अकरा दिवस मी रोज 'टाकी रिकामी' लिहितो आणि बबनराव रोज खाली सही करतात. वाचत नाहीत. म्हणतात, तुझं अक्षर बघूनच समाधान होतं.

ऑपरेटर धुळाजी तोंडाला पंचा गुंडाळून आत गेला, व्हॉल्व्ह बंद करून आला आणि डोळे धरून खाली बसला. पानी टाक बे, पानी, म्हणून ओरडत होता. मी कॅन उघडून त्याच्या डोळ्यांत दूध ओतलं. दुसरं काय होतं? संध्याकाळी दूध संघाच्या सेक्रेटरींनी पहिलंच विचारलं, ते पाच लिटर कुणाच्या नावावर टाकायचं.

आज बबनरावांनी कोरं रजिस्टर दिलं. सगळं नव्याने उतरव, पण टाकी भरलेली दाखव, म्हणाले. म्हणजे पाणी असून धुळाजीने वापरलं नाही, चूक त्याची, भरपाई नाही. नोकरी तुमच्या शब्दावर लागली, म्हणून विचारतो. काय करू?

मामींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

आपला,
उत्तरेश्वर

लिंबागणेश
ता. ९ मे

चि. उत्तरेश्वर यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामी रडली, मी चिडलो. लहानपणी तू शेंगासुद्धा मोजून वाटायचास, ती खोड अजून गेली न्हाई. अरे, छावणीतला चारा बबनरावांच्या चिठ्ठीवर मिळतो. आपले दोन्ही बैल तिथंच उभे हायत. धुळाजी गुणी माणूस, पण तुझ्या शाईने त्याचे डोळे उघडणार हायत का? गुमान लिहून दे. खुशाली कळव.

तुझा मामा,
त्रिंबक

ता. १६ मे १९८७

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. तीन दिवस बसून रजिस्टर लिहून दिलं, एकही खाडाखोड नाही. जुन्यात होतं तसंच. अकरा दिवस, अकरा वेळा 'टाकी रिकामी'.

बबनरावांनी चहा पीत पीत पानापानावर सही केली. लई सुबक, म्हणाले. मग जुनं रजिस्टर बंबात घातलं आणि नवं बीडला तपासणी साहेबांकडे पाठवलं. ते वाचणारा पहिला माणूस तो साहेब. काल बबनरावांनी सगळ्यांसमोर आईवरून शिव्या देऊन मला गेटबाहेर काढलं.

पुढे काय होईल, कुणी सांगत नाही. कागद वर गेलेत, एवढंच उत्तर. धुळाजीला उजव्या डोळ्याने उजेड कळतो, डाव्याने काहीच नाही. मला म्हणतो, दूध ओतलंस ना, साय धरली का बघ जरा. बायनाबाई, त्याची बायको, हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

तुमच्या बैलांचा चारा तोडला, तर तो माझ्यामुळे. मी येतो आणि त्यांना चालवत वडवणीच्या छावणीला नेतो. रागावलात तरी नातं तोडू नका.

हिशेब: बीडला एसटी, जाऊन-येऊन, नऊ रुपये. डोळ्यांचं औषध साडेसोळा. येणे, मे महिन्याचा पंधरा दिवसांचा पगार. मिळेल असं वाटत नाही. देणे, आईचे वीस रुपये आणि संघाचं पाच लिटर दूध. ते मी त्याच दिवशी माझ्या नावावर लिहून ठेवलं आहे.

उत्तरेश्वर