सासूचं माहेर, माझं माहेर

१८ ऑगस्ट, सोमवार
पुन्हा तेच! रूपालीला सकाळी झटका आला, कपबशी फुटली, अन् म्हातारी उंबऱ्यातूनच ओरडली, "तुझ्या माहेरचं आणलंस हे घरात!" एकोणीस वर्षांची पोरगी खाली पडलीय, तोंडाला फेस, मी तिला कुशीवर वळवून राह्यले — अन् हिला माहेर सुचतंय. झटके सुरू झाल्यापासून सात वर्षं हेच ऐकून राह्यले. अगं बाई, तू माझी सासू नंतर, आधी सख्खी आत्या. आष्टीचं जे घर माझं माहेर, तेच तुझं! मामाची पोरगी म्हणून तूच मला तुझ्या लेकासाठी मागून आणली. तोंडावर बोलले तर म्हणती, "माझ्या येळंला असलं काही नव्हतं."

२२ ऑगस्ट, शुक्रवार
संभाजीनगरला गेल्तो. रूपालीच्या, माझ्या अन् ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईनं कागदावर गोल काढून दाखवले. प्रत्येक जीन माणसात दोनदा असतो, एक आईकडून, एक बापाकडून. माझा एक बिघडलेला, ह्यांचा एक बिघडलेला. एक चांगला असला की माणसाचं भागतं, कळत बी न्हाई. रूपालीला दोन्हीकडून बिघडलेलाच गेला. "तुम्ही नात्यातले का?" हे छताकडं बघाय लागले. मी म्हणलं, आतेभाऊ-मामेबहीण.

बाईला वाटलं मला समजलं न्हाई, परत सांगाय लागली. म्हणलं, समजलं बाई. चौथी शिकलेली हाये, पण बारा वर्षं कपाशीच्या सीड प्लॉटवर कंपनीच्या बियाण्यासाठी क्रॉसिंग करते. सांजच्याला मादीची कळी सोलायची, सकाळी नराचं फूल घासायचं. मादीची जात वेगळी, नराची वेगळी. त्याच ओळीचं त्याच ओळीला लागलं की सुपरवायझर बोंड तोडून फेकतो. कंपनीला कळतं ते आमच्या घराला कळलं न्हाई! बाई हसली. हे न्हाई हसले.

आमच्या पोराचं, सूरजचं बी रक्त दिलं. तो धडधाकट हाये, पण बघितलेलं बरं.

२३ ऑगस्ट
काल सूरजचं रक्त दिलं, कारण माझ्या भावाची, देवानंदची पोरगी प्रिया त्याला द्यायचं ठरलंय. साखरपुडा दिवाळीनंतर. परत तेच घर, तेच रक्त! देवानंदला फोन केला, म्हणलं सूरजचा रिपोर्ट येऊ दे, त्याच्यात निघालं तर प्रियाचं बी तपासू. हसला. "ताई, कपाशी सोडून आता माणसं क्रॉस कराय लागली का?" म्हणलं, रूपालीला पडताना बघ, मंग हस.

३१ ऑगस्ट
म्हातारीला रिपोर्ट समजावून सांगितला. ज्वारी निवडता निवडता म्हणली, "तातेरावला बी यायचे."

तातेराव म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा काका. नदीत पोहताना बुडाला, असं आम्हाला सांगितलेलं. पोहत नव्हताच. काठावर झटका आल्ता. माझ्या बापाला ठावूक होतं, हिला ठावूक होतं. म्हणलं, मंग मला का मागितली? तर म्हणती, "कळलं असतं तर बाहेरच्या कोणी तुला केली नसती. म्हणून मीच केली."

रात्री जेवले न्हाई. भूक होती.

७ सप्टेंबर
प्रिया दोन दिवस राहून गेली. जालन्याला नर्सिंग करती. रूपालीला न्हाऊ घातलं, वेणी घातली, गोळ्यांच्या येळा मोठ्या अक्षरात भिंतीवर लावल्या. रूपाली तिच्यासंगं खदाखदा हसती. माझ्यासंगं न्हाई हसत. अशी सून दुसरीकडं मिळायची न्हाई. मी मेल्यावर रूपालीला कोण बघंल? सूरज? त्याला स्वतःचा टॉवेल सापडत न्हाई.

१५ सप्टेंबर, सोमवार
रिपोर्ट आला. सूरजच्यात हाये. एकच, त्यामुळं त्याला काही होणार न्हाई. बाई म्हणली, "आता मुलीचं तपासा. तिच्यात नसेल तर बिनघोर लग्न करा. असेल तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक धोका."

बाहेर आल्यावर सूरज म्हणला, "मामाला लावू का फोन?" म्हणलं, थांब.

देवानंदला मी वळखते. ऐकल्या ऐकल्या सोयरीक मोडणार. पोरीचं रक्त तपासलं तर गावात बोभाटा होतो म्हणून तपासणार बी न्हाई.

१६ सप्टेंबर
रिपोर्ट तांदळाच्या डब्यात ठेवला.

१९ सप्टेंबर
देवानंदचा फोन. "आला का गं ताई रिपोर्ट?" — "न्हाई अजून." निघून गेलं तोंडातून. म्हातारी बाजूलाच बसल्ती. माझ्याकडं बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ सप्टेंबर, बुधवार
प्रियाचा फोन. "आत्या, मी लॅबवाल्याला इचारलं, असला रिपोर्ट तीन आठवड्यांत येतो म्हणे. आता पाच होत आले." माझी नजर तांदळाच्या डब्याकडं गेली. "मला सूरज पाहिजे, रूपाली बी पाहिजे. पण असं झाकून न्हाई. रविवारी, अठ्ठावीसला, मी हसनाबादला तुझ्या घरी येती. त्याच्यात हाये का न्हाई — तुझ्या तोंडून ऐकायचंय."